लहानपणीचं वजन, मोठेपणीचा लठ्ठपणा: खानदेशातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पालक मुलाच्या वजनाबद्दल जे विचारतात, ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथे घेतलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. आपल्या घरात लागू पडतो तो प्रश्न आधी वाचा.

"आता गुटगुटीत आहे. वयात आला, उंची वाढली की आपोआप उतरेल ना?"

काहींचं उतरतं, पण त्यावर विसंबून बसू नका. २०१६ साली पंधरा अभ्यासांचा, म्हणजे सुमारे दोन लाख मुलांच्या नोंदींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लहानपणी लठ्ठ असलेल्यांना मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट निघाला. लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त किशोरवयातही लठ्ठच राहिली. आणि किशोरवयात लठ्ठ असणाऱ्यांपैकी जवळपास ८० टक्के मोठेपणीही तशीच राहिली. "वयात आल्यावर बघू" म्हणून आपण ज्या वयाची वाट बघतो, ते उलटलं की उतरणं अवघड होत जातं.

कारण सरळ आहे. उंची वाढत असते तोवर वजन नुसतं थोपवून धरलं तरी मूल सुटसुटीत होतं. उंची थांबली की हा फायदा संपतो. मुलींच्या बाबतीत तर घाईच असते: अंगाने जास्त असलेल्या मुलींना पाळी लवकर येण्याकडे कल असतो आणि पाळी सुरू झाल्यावर उंची फार तर काही सेंटीमीटरच वाढते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीची आई "अजून लहान आहे" म्हणते तेव्हा तिच्या हातात खरं तर एक-दोन वर्षंच उरलेली असतात.

"मग लहानपणी जाड तो कायमचाच जाड, असंच ना?"

नाही. त्याच आढाव्यातली दुसरी बाजू अशी, की मोठेपणी लठ्ठ असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक लहानपणी लठ्ठ नव्हतेच. म्हणून ज्यांची मुलं आज बारीक आहेत त्यांनीही हे पान मिटू नये.

आणखी दिलासा देणारी गोष्ट: २०११ साली अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लहानपणी वजन जास्त, पण मोठेपणी लठ्ठ नाहीत, अशांचा मधुमेह, रक्तदाब वगैरेंचा धोका कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास बरोबरीचा होता. डेन्मार्कमध्ये साठ हजारांवर पुरुषांच्या नोंदींतून २०१८ मध्ये असंच दिसलं. सातव्या वर्षी वजन जास्त असलेली जी मुलं तेराव्या वर्षाच्या आत सावरली आणि सावरलेलीच राहिली, त्यांना पुढे मधुमेहाचा वेगळा धोका उरला नाही. तेरानंतर सावरलेल्यांना थोडा उरला. हे अभ्यास बहुतांशी गोऱ्या लोकांवरचे आहेत हे खरं. तरी कोणत्या वयापर्यंत हालचाल करायची, याचा अंदाज त्यातून येतो.

"जाड आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं? आम्हाला तर तो ठीकच वाटतो."

ठीक वाटण्यावर जाऊ नका. आजूबाजूची मुलं जशी, तसंच आपलं ठीक वाटतं. घरी मोजा. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. वजन किलोत घ्या. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. जो आकडा येतो तो बीएमआय.

समजा आठ वर्षांचा मुलगा १३० सेंटीमीटर उंच आणि ३४ किलोचा आहे. त्याचा बीएमआय २० येतो. मोठ्या माणसाचा २० असेल तर आपण त्याला सडपातळ म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १५.७ आहे, १७.४ च्या वर वजन जास्त आणि १९.७ च्या वर लठ्ठपणा. म्हणजे हा "ठीक वाटणारा" मुलगा लठ्ठ या गटात बसतो. मोठ्यांचे आकडे मुलांना लावले की इथेच गफलत होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते अठरा वर्षांसाठी २०१५ साली आपल्याकडचे तक्ते काढले आहेत. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात, मुलाचा ठिपका त्यावर मांडून मागा.

तक्ता हाताशी नसेल तर दुसरी सोपी तपासणी आहे. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १३० सेंटीमीटरच्या मुलाचा घेर ६५ च्या आत.

एका आकड्याने मात्र निर्णय करू नका. दर सहा महिन्यांनी मांडलेल्या ठिपक्यांची रेघ कुठे चालली आहे ते बघा.

"सगळ्यात जास्त लक्ष कोणत्या वयात द्यायचं?"

दोन ते सहा.

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बाळ गुबगुबीत असतं. नंतर ते चालायला-पळायला लागतं, बाळसं झडतं, बरगड्या दिसू लागतात आणि आई घाबरते: "काहीच खात नाही हो." खरं तर हे व्हायलाच हवं. बीएमआय पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. ही चढण सहाऐवजी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाली, तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ५१ हजार मुलांच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात (२०१८) तीन वर्षांच्या वयात लठ्ठ असलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलं किशोरवयात जास्त वजनाची किंवा लठ्ठ निघाली. आणि किशोरवयात लठ्ठ असलेल्यांच्या वजनाची सर्वात वेगवान वाढ दोन ते सहा या वयातच झाली होती.

आणि आपल्याकडे नेमकं याच वयात ताट घेऊन मुलामागे पळणं चालतं. बरगड्या दिसल्या की टॉनिक, भूक वाढवायचं औषध, चमच्याने भरवणं. पोर खेळकर असेल आणि उंची वाढत असेल तर त्याला सोडा. त्याची भूक त्याला कळते.

"आमचं बाळ जन्मलं तेच सव्वादोन किलोचं. त्याला कसली आलीय लठ्ठपणाची भीती?"

उलट इथे जास्त जपायला हवं. आमच्या भागात या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा पाठपुरावा केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांचं साडेतीन. पण आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वजनाने बारीक, आतून चरबी जास्त. याच डॉक्टरांनी स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना २००४ साली छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय मोठ्या माणसांसाठी २३ च्या वर वजन जास्त धरतात, युरोपात ते २५ आहे.

त्याच वर्षी दिल्लीच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली, ते दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय सतत चढत गेला होता. त्यातले बरेच जण लहानपणी कधीच लठ्ठ म्हणावेत असे नव्हते.

धडगाव-अक्कलकुव्याकडे कुपोषण आहे आणि जळगाव शहरात जाडी, म्हणून हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं मला वाटत नाही. गरोदरपणी आईला पोटभर मिळालं नाही, बाळ बारकं जन्मलं, आणि चार-पाच वर्षांनी घरात पैसा आल्यावर त्याच पोराच्या हाती रोज पाच-दहा रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी आली, तर दोन्ही एकाच अंगावर येतात. बारक्या बाळाला वाढवायचंच आहे. पण डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, भाकरी यांवर. साखर-तुपाच्या लगद्यावर नको. आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर अजिबात नको.

"आम्ही नवरा-बायको दोघंही अंगाने भारी. रक्तातच आहे, मग काय करणार?"

रक्तात आहे हे खरं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा अंदाज बांधताना मुलाच्या स्वतःच्या वजनापेक्षा आई-बापाचं वजन जास्त कामाला येतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी कोणी लठ्ठ असेल, तर त्याचा मोठेपणीचा धोका दुपटीहून वाढतो, मग मूल आज जाड असो वा नसो. पण घरातून रक्ताबरोबर फ्रिज, टीव्ही आणि जेवायची वेळही मिळते. म्हणून अशा घरात मुलाला एकट्याला काही सांगू नका. बदल करायचा तो सगळ्यांच्या ताटात.

"थायरॉईड असेल का?"

क्वचित. थायरॉईड खरंच कमी असेल तर मुलाची उंचीही खुंटते. नुसतं जास्त खाणं आणि कमी हालचाल यांनी जाड झालेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. उंची नीट वाढत असेल तर तपासण्यांमागे पैसे घालण्याआधी महिनाभर घरचं खाणं लिहून काढा. जाड मुलांच्या रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, किंचित वाढलेला दिसू शकतो. अनेकदा तो वजनाचा परिणाम असतो आणि वजन सावरलं की खाली येतो.

"मानेवर मळ बसतो, घासून घासून निघत नाही. हा कसला डाग?"

मानेच्या मागच्या बाजूला वळीत काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा. कधी काखेतही. आई डाळीचं पीठ लावते, वजरीने घासते, कातडी लाल होते, पण पट्टा तसाच. पोराला वर बोलणी: "नीट अंघोळ करत नाही." तो मळ नाहीच. शरीरात इन्सुलिन वाढलेलं असलं की कातडी अशी जाड आणि काळी होते. असा पट्टा दिसला की घासणं थांबवा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्या. त्याची साखर आणि यकृत तपासायला लागेल. वजन सावरलं की पट्टा हळूहळू फिका पडतो.

"मग डाएटवर ठेवू का? रात्रीचं जेवण बंद करू?"

नको. वाढत्या मुलाला उपाशी ठेवलं की ते लपून खातं, आणि डाळ-भाजी कमी झाली तर उंचीला फटका बसतो. बहुतेक मुलांचं वजन कमी करावं लागत नाही, त्याची वाढ मंदावली की भागतं.

वरचाच आठ वर्षांचा मुलगा घ्या. ३४ किलो, १३० सेंटीमीटर. दोन वर्षांत तो अकराएक सेंटीमीटर वाढेल, १४१ होईल. या दोन वर्षांत त्याचं वजन फक्त दोन किलो वाढलं, म्हणजे ३६ झालं, तर बीएमआय १८.१ येतो. दहा वर्षांच्या मुलाला १८.५ पर्यंत चालतं. एक किलोही न उतरवता मुलगा सुरक्षित पट्ट्यात आला.

"आपलं खानदेशी जेवणच तेलाचं. शेवभाजी, वरण-बट्टी सोडायची का?"

सोडायची नाही, तिचा वार ठरवायचा. आणि रोजचं खानदेशी जेवण तेलकट नाही, पाहुण्यांचं आणि ढाब्याचं आहे.

कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र येतो. भाकरीतच डाळ मिळाली. सोबत भरीत, पातीचा कांदा, दाण्याची चटणी, ताक. याहून चांगलं जेवण कुठला आहारतज्ज्ञ लिहून देणार आहे? भरिताच्या फोडणीत तेल निम्मं करा, भाजलेल्या वांग्याचा धूर तसाच राहतो. कळण्याची भाकरी शहरातल्या घरांतून हळूहळू हरवते आहे आणि तिच्या जागी पाव, खारी, टोस्ट येत आहेत. मला काळजी त्याची जास्त वाटते.

शेवभाजीचं बोलायचं तर शेव आधीच तळलेली, वर रश्श्यावर बोटभर लाल तर्री. वाढताना पळी तर्रीखालून घाला आणि मुलाच्या वाटीत मूठभर शेवेऐवजी चिमूटभर टाका. बट्टी वाफवून झाल्यावर तळता, त्याऐवजी ओव्हनमध्ये किंवा निखाऱ्यावर भाजा, तूप वरून एक चमचा. आखाजीची पुरणपोळी-आमरस, कानबाईचे रोट यांवर माझी काहीच हरकत नाही. सणाने कोणी जाड होत नाही. सकाळी चहासोबत रोज चार बिस्किटं खाणारं मूल होतं.

"केळीने वजन वाढतं म्हणतात. आम्ही तर रावेरचे, घरात घड लटकलेला असतो."

लटकू द्या. मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. मधल्या वेळेला एक केळं खाल्लं की पोट भरतं आणि पुडी टळते. वजन वाढतं ते केळ्याचे वेफर्स खाऊन. तेच केळं तळल्यावर १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी होतात. साखर घातलेलं शिकरण आणि आइस्क्रीम टाकलेला शेक हेही रोजचे नकोत.

"दूध पीत नाही, म्हणून चॉकलेटी पावडर घालून देतो."

मग तो दूध नाही, साखर पितो. दिवसाला दोन कप साधं दूध पुरे. तेही आवडत नसेल तर दही-ताक द्या.

"मार्च ते जून पारा ४२-४५ वर. पोराला बाहेर खेळायला पाठवायचं तरी कसं?"

रास्त प्रश्न. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभर धाप लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भुसावळच्या मे महिन्यात ती दुपारी होणार नाही. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर, अशी दोन टोकं धरा. जळगावात मेहरूण तलावावर पहाटे गर्दी असते, तिथे पोरांनाही सोबत न्या. धुळेकरांना पांझरेचा काठ आहे. मधल्या वेळेत घरात दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लंगडी, गाणी लावून नाच. पाणी भरणं, गच्ची झाडणं, तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाणं हेही धरा. तास सलग नसला तरी चालतो.

उन्हाळ्यात तहान मोठी असते आणि खरी गडबड तिथे होते. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. रसवंतीचा ग्लास कधीतरी ठीक. रोजच्या तहानेला माठाचं पाणी, ताक आणि कमी साखरेचं कैरीचं पन्हं.

"मोबाइल दिल्याशिवाय घास खात नाही."

मोबाइल बघत खाणाऱ्याला पोट भरल्याचं कळत नाही. पहिले तीन-चार दिवस रडेल, कमी खाईल. खाऊ द्या कमी. आणि झोप बघा: शाळकरी मुलाला नऊ ते अकरा तास लागतात. उशिरा झोपणारं मूल रात्री पुन्हा खातं.

"आजी ऐकत नाहीत. 'खात्यापित्या घरचं लेकरू आहे, नजर लावू नका' म्हणतात."

आजींनी दुष्काळ पाहिलेला असतो. पोर हडकुळं असणं म्हणजे घराची लाज, हे त्यांच्या मनात खोल बसलेलं आहे, आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना सोबत दवाखान्यात आणा. तक्त्यावरचा ठिपका आणि मानेवरचा पट्टा डॉक्टरांनी दाखवला की बऱ्याच आज्या स्वतःच लाडूचा डबा वरच्या फळीवर ठेवतात. त्यांना काम द्या: दाणे भाजून देणं, गूळ-फुटाणे, बाजरीची खिचडी, संध्याकाळी नातवासोबत मंदिरापर्यंत चालत जाणं. खाऊ देण्यातला आनंद काढून घेऊ नका, खाऊ बदला.

"शाळेत 'ढोल्या' म्हणून चिडवतात. आम्ही सांगतो, तसं कमी होईल तुझं."

चिडवल्याने वजन कमी होत नाही. मूल खेळाच्या मैदानावर जायचं टाळतं आणि एकटं बसून खातं. घरातही "जाड्या" म्हणून हाक मारू नका, लाडाने सुद्धा. भावंडासमोर त्याला एकट्याला वजनकाट्यावर उभं करू नका. वर्गशिक्षकांशी बोला, आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाड्यांबद्दलही विचारा. शाळेच्या कँटीनमध्ये आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत तो कोणी उच्चारला, तर निदान चर्चा सुरू होते.

"वजन कमी करायचं चूर्ण, पावडर मुलांना चालते का?"

नाही. गोळ्या आणि इंजेक्शनं निवडक किशोरांसाठी असतात, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

"डॉक्टरांना कधी दाखवायचं, आणि कुठे?"

रात्री जोरात घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो, मानेवर काळा पट्टा आहे, खूप तहान लागते आणि सारखी लघवी होते, गुडघा किंवा खुबा दुखून लंगडतो, मुलीची पाळी फार अनियमित आहे, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबली आहे. यातलं काहीही असेल तर वाट बघू नका.

पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं, तिथे विचारा. गरज पडल्यास ते पुढे पाठवतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. जाताना लसीकरणाचं कार्ड न्या, जन्माचं वजन त्यावर असतं. शाळेत मोजलेल्या उंची-वजनाचे जुने आकडे मिळाले तर तेही न्या. मुलाने तीन दिवस काय काय खाल्लं ते एका कागदावर लिहा, आणि त्यात चहात बुडवलेली बिस्किटंही धरा.